डाव्या खांद्यावरचे सात गोंडे

मित्रांनो, माझ्याकडे पाहिलंत तर तुम्हाला आधी गोंडे दिसतील, मग कोपरांवरची ठिगळं दिसतील आणि सगळ्यात शेवटी मी दिसेन. मी एक जुना, राखाडी, साधा स्वेटर आहे. या क्रमाबद्दल माझी काही तक्रार नाही. गोंडे नसते तर माझ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नसतं. आणि याच गोंड्यांपायी एक घर मोडता मोडता राहिलं, तेही मी जवळून पाहिलं आहे. तीच हकिगत तुम्हाला सांगतो.

माझा जन्म यंत्रावर झाला. माझ्यासारखे दोनशे स्वेटर त्याच दिवशी त्याच यंत्रातून बाहेर पडले. कुणी मांडीवर घेऊन मला विणलं नाही, विणताना कुणी माझे टाके मोजले नाहीत की कुणाची आठवण काढली नाही. मग आमची गाठोडी बांधली गेली आणि मी उंच डोंगरी पठारावरच्या ओरुरो शहराच्या बाजारात एका ताडपत्रीवर येऊन पडलो. तिथे लाल, निळे, नक्षीचे स्वेटर हातोहात गेले. मी मात्र ढिगाच्या तळाशी तसाच राहिलो.

मला उचललं ते विल्बरने. विल्बर मिठाच्या मैदानावरून मीठ भरून आणणारा ट्रक चालवत असे. पंधरा दिवस रस्त्यावर आणि दोन दिवस घरी, असं त्याचं आयुष्य. त्याला डेल्फिनासाठी काहीतरी ऊबदार हवं होतं. रंगाकडे त्याने पाहिलंच नाही. त्याने मला गालाला लावून पाहिलं आणि घेतलं.

डेल्फिना तेव्हा त्याची बायको नव्हती, पण त्याच्या घरी राहत होती. आमच्या गावात अशीच रीत आहे. मुलगी आधी वर्षभर मुलाच्या घरी राहून बघते. सासू कशी आहे, चूल कशी पेटते, वारा कोणत्या फटीतून आत येतो, हे सगळं तिला कळतं, आणि घरच्यांनाही ती कळते. जमलं तर लग्न. नाही जमलं तर ती आपल्या घरी परत जाते आणि कोणी कोणाला नावं ठेवत नाही. निदान ठेवू नयेत असं ठरलेलं आहे. हे वर्ष मोजायचं फेब्रुवारीतल्या सणापासून पुढच्या फेब्रुवारीतल्या सणापर्यंत. त्या सणाला लामांच्या कानांत नवे गोंडे बांधतात. लामा म्हणजे उंटाची पाठीवर मदार नसलेली, लोकरीने भरलेली चुलत बहीण. आमच्याकडे माणसाची श्रीमंती लामांवरून कळते, आणि कोणती लामा कुणाची हे तिच्या कानांतल्या गोंड्यांच्या रंगावरून कळतं.

विल्बरच्या आईचं नाव इलारिया. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकटीने कळप सांभाळलेला, एकटीने मुलगा वाढवलेला. हाताने काटक आणि तोंडाने त्याहून काटक. तिने मला पाहिलं आणि नाक मुरडलं.

“हा स्वेटर आहे का चुलीतली राख? अरे, मुलीला देतोयस का म्हातारीला?”

“ऊब आहे की नाही ते बघ ना, आई.”

“ऊब माझ्या गोधडीतपण आहे. ती घालून बाजारात जातोस का?”

 डेल्फिना एकूणच कमी बोलायची. तिने मला अंगात घातलं, बाह्या थोड्या वर सारल्या आणि ती पाणी आणायला गेली. त्या दिवसापासून मी तिचा झालो. पहाटे बर्फासारखं गार पाणी, दुपारी कुरण, संध्याकाळी धूर. हिवाळाभर ती मला अंगावेगळं करत नसे. ढिगात पडून राहिलेल्या स्वेटरला याहून जास्त काय हवं होतं?

पण इलारियाच्या डोळ्यांना माझा साधेपणा खुपत होता. ती येताजाता म्हणे, “ही मुलगी आमच्याकडे राहते आणि हिच्या अंगावर एक रंग नाही. लोक म्हणतील, इलारियाच्या घरात लोकर संपली.” आणि मग डिसेंबरात एके दिवशी तिने लोकर काढली.

मित्रांनो, गोंडे करताना तुम्ही कुणाला पाहिलं आहे का? इलारियाची रीत सांगतो. तिने टकळीवर स्वतः कातलेलं, पीळ घातलेलं सूत घेतलं. डाव्या हाताची तीन बोटं जुळवली आणि त्यांवर सूत गुंडाळायला सुरुवात केली. साठ वेढे. मग ते वेढे बोटांवरून अलगद सरकवले, मधोमध दोरा घालून दातांनी ओढून अशी गाठ मारली की सूत कण्हावं. दोन्ही बाजूंचे फेर कात्रीने कापले. आता झाला एक विस्कटलेला पुंजका. मग किटलीच्या वाफेवर तो धरला, तसा तो फुलला, आणि मग कात्रीने भादरत भादरत तिने त्याला गोल केला. एका गोंड्याला अर्धा तास. असे चौदा केले. वरचा भाग किरमिजी आणि आत पिवळा डोळा.

किरमिजी आणि पिवळा हे त्या घराचे रंग. वाड्यातल्या दगडी कुंपणात उभ्या असलेल्या प्रत्येक लामेच्या कानात तेच होते. काही लामांच्या डाव्या कानात मात्र निळा गोंडा असे. तो का, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि मी त्यावर विचारही केला नाही.

इलारियाने मला गुडघ्यांवर पसरलं आणि दाभणाने सात गोंडे उजव्या खांद्यावर आणि सात डाव्या खांद्यावर शिवले. गळ्यापासून बाहीपर्यंत ओळीने. यंत्रातून बाहेर पडल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यावर एवढा वेळ घालवत होतं. खोटं कशाला सांगू, मी फुगलो होतो. इलारियाही फुगली होती. तिने मला डेल्फिनाच्या हातात दिलं आणि म्हणाली, “घाल. आता तू आमची दिसशील.”

डेल्फिनाने मला हातात धरून उजव्या खांद्यावरून बोट फिरवलं, मग डाव्या. तिचं बोट डाव्या खांद्यावर जरा जास्त वेळ थांबलं. “छान झालेत,” ती म्हणाली, आणि तिने मला घातलं.

नाताळच्या दिवशी आम्ही चॅपेलला गेलो. प्रार्थना झाल्यावर बायका अंगणात उन्हाला बसल्या आणि शेजारच्या साबास्ताने आम्हाला पाहिलं. ही साबास्ता इलारियाची लहानपणापासूनची मैत्रीण. त्यामुळे तिला काहीही बोलायचा परवाना होता.

“अगं बाई! इलारिया, सण फेब्रुवारीत ना? तू आत्ताच गोंडे बांधून मोकळी झालीस?”

दुसरी म्हणाली, “बरं केलंस. आता कुरणात सोडलीस तरी दुसऱ्याच्या कळपात जायची नाही.”

“पळून गेली तर पोलिसांना रंग सांगितला की झालं.”

“दोन्ही कान बांधलेत गं! काय घाई म्हणायची ही!”

साबास्ताने तर खिशातून चिमूटभर मीठ काढून डेल्फिनासमोर धरलं, लामेला चाटायला धरतात तसं. अंगणभर हशा पिकला. आणि मित्रांनो, इलारियाही हसली. तिला यात वाईट काही वाटलंच नाही. लामा तिच्या लेखी घरच्याच होत्या. तिच्या रंगांनी कुणाला सजवणं हा तिच्याकडचा सगळ्यात मोठा मान होता. डेल्फिनाही थोडी हसली, पण माझ्या आत तिचे खांदे आखडले होते, ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इलारिया कळपाबरोबर बाहेर गेली, तेव्हा डेल्फिनाने मला खाटेवर पसरलं आणि कात्री घेतली. मला वाटलं, संपलं. पण तिने डाव्या खांद्यावरच्या पहिल्या गोंड्याचा दोरा शोधला, तेवढाच दोरा कापला आणि गोंडा सोडवला. मग दुसरा. माझा एक टाकाही तिने ओढला नाही. सातही गोंडे काढून तिने फडक्यात बांधले आणि फडकं माझ्यावर ठेवलं. उजव्या बाजूला तिने हातही लावला नाही. माझी नीट घडी घातली, गोंड्यांची बाजू वर करून, आणि इलारियाच्या उशाशी मला ठेवून दिलं.

इलारिया आल्यावर ती एवढंच म्हणाली, “माझ्या आईला बरं नाही. जाऊन येते.” कधी येणार ते तिने सांगितलं नाही. आणि इलारियाने विचारलं नाही, कारण तोवर तिची नजर माझ्यावर गेली होती.

तिने मला उचललं, एकदा उलटं केलं, एकदा सुलटं. तिचा चेहरा उतरला आणि लगेच कठीण झाला. “अर्धेच कापले,” ती रिकाम्या खोलीला म्हणाली. “पुरते कापायचीसुद्धा तसदी घेतली नाही.” मग तिने मला लाकडी पेटीत टाकलं आणि झाकण आपटलं.

पेटीतले दिवस कसे गेले ते फार सांगत नाही. लोकरीचा कपडा ठेवताना त्यात वासाचा पाला घालतात, म्हणजे कसर लागत नाही. माझ्यात कुणी पाला घातला नाही. उजव्या कोपरावर एक अळी आरामात जेवत होती आणि मी ते ऐकत होतो. बाहेरचं बोलणंही झाकणाच्या फटीतून ऐकू यायचं.

विल्बर ट्रक घेऊन आला तेव्हा त्याने आधी तेच विचारलं. “आई, तू तिला काय बोललीस?”

“मी? मी तिला माझे रंग दिले! चौदा गोंडे केले, बोटं दुखली माझी. आणि तिने ते कापून माझ्या उशाशी ठेवले. आता तूच सांग, कोण कोणाला काय बोललं?”

“मी जाऊन घेऊन येतो तिला.”

“आज आणायला गेलास तर जन्मभर आणायलाच जावं लागेल.”

तरी तो गेलाच. दुसऱ्या फेरीत वाट वाकडी करून तो तिच्या गावी गेला आणि एकटाच परत आला. “ती म्हणाली, आईला म्हणावं स्वेटर बघा.”

“बघितला की! अर्धा भादरलेला.”

“मीपण तेच म्हटलं. तर म्हणाली, परत बघा.”

“मला दिसतं अजून,” इलारिया म्हणाली. “म्हातारी झाले, आंधळी नाही झाले.”

 पण तिला ती मुलगी हवी होती. डेल्फिना आल्यापासून चुलीपुढे दोन माणसं बसत होती, आणि आता पुन्हा एक. सण आला आणि डेल्फिना आली नाही, तर वर्ष संपलं, गोष्ट संपली. रागातसुद्धा इलारियाने दाराशी ठेवलेली तिची पाण्याची कळशी हलवली नाही.

सणाला तीन दिवस उरले. इलारियाने किरमिजी आणि पिवळे गोंडे कधीच करून ठेवले होते. राहिले होते निळे. निळी लोकर पेटीच्या तळाशी होती, माझ्या खाली. तिने मला बाहेर काढलं, दुसरीकडे जागा नव्हती म्हणून अंगणातल्या दगडी भिंतीवर भिरकावलं आणि निळे गोंडे करायला बसली. दीड महिन्यानंतर मी ऊन पाहिलं. पाठ भिंतीवर, दोन्ही बाह्या दोन बाजूंना, असा मी पसरलो होतो.

गोंडे झाल्यावर ते मापाला बरोबर आहेत का, हे पाहायला तिने पालोमाला जवळ ओढलं. पालोमा म्हणजे कळपातली पांढरी म्हातारी लामा. इलारिया लग्न होऊन आली तेव्हा बापाने तिला चार लामा दिल्या होत्या. ही त्यांच्याच वंशातली. इलारियाने पालोमाच्या उजव्या कानाशी किरमिजी गोंडा धरला, आणि डाव्या कानाशी निळा. निळा हा इलारियाच्या माहेरचा रंग. दुसऱ्या घरून आलेल्या लामेचा डावा कान त्या घराचाच राहतो. तिच्या लेकींचा राहतो, त्यांच्या लेकींचाही राहतो. कोणी तो बदलत नाही. तीस वर्षं तिचे हात हे न विचार करता करत होते.

तेवढ्यात तिची नजर भिंतीवर गेली. तिथे मी होतो. उजव्या खांद्यावर सात किरमिजी गोंडे आणि डावा खांदा मोकळा.

तिच्या हातातला निळा गोंडा तसाच राहिला. पालोमाने मान सोडवून घेतली तरी तिचं लक्ष नव्हतं. ती उठली, माझ्याजवळ आली आणि डाव्या खांद्यावर जिथे दोरे कापले होते, तिथे तिने बोट लावलं. एकही टाका ओढलेला नाही, हे तिला आत्ता दिसलं.

“अगं आई गं,” ती खालीच बसली. “मी तिचे दोन्ही कान बांधले.”

मग बराच वेळ ती पालोमाशीच बोलत होती. “माझी मेली सासू एक गोड शब्द बोलली नाही कधी. पण तुझ्या पणजीचा डावा कान तिनेसुद्धा सोडला. आणि मी! मी पोरीला विचारलंसुद्धा नाही गं.” ती रडली, मित्रांनो. मी तिला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती मला काखेत मारून निघाली. सोबत चीजचा एक गोळा आणि वाळवलेल्या बटाट्यांची पिशवी. चार तासांची चाल. वाटेत साबास्ता भेटली.

“कुठे गं एवढ्या सकाळी?”

“चूक केली होती, ती निस्तरायला.”

“तू? चूक?” साबास्ता वळून वळून बघत राहिली.

डेल्फिनाच्या घराच्या अंगणात तिचा बाप दोर वळत बसला होता. गावात सगळे त्याला तायता म्हणजे बाबा म्हणत. तायता कासिमिरो. बोलण्यात इलारियाला पुरून उरेल असा तो एकच माणूस त्या भागात होता.

“या, दोन्या इलारिया,” तो बाईसाहेब म्हणावं तशा थाटात म्हणाला. “हरवलेली लामा शोधायला आलात, आणि दोर आणायला विसरलात? थांबा, हा होतच आलाय.”

“टोमणे नंतर मारा, तायता. आधी मला बसू द्या. पाय गेले माझे.”

आवाज ऐकून डेल्फिना दारात आली. हातात चाळणी होती, ती तिने खाली ठेवली नाही. तिची आई मागून डोकावली. तिला खरंच बरं नव्हतं, गळ्याभोवती शाल गुंडाळलेली होती. हेही कुणी विचारलं नव्हतं.

इलारियाने मला गुडघ्यांवर पसरलं. उजवी बाजू, डावी बाजू.  कातायला बसली की सूत तुटत नाही अशी बाई, पण शब्द तुटत होते.

“मी परत बघितला स्वेटर,” ती म्हणाली. “उशिरा बघितला. त्या बायका हसल्या म्हणून तू गेलीस, असं मला वाटलं होतं.”

“त्या हसल्या त्याचं काय एवढं,” डेल्फिना म्हणाली. “साबास्ताबाई सगळ्यांनाच हसतात. लामेसारखं सजवलंत त्याचंही मला वाईट वाटलं नाही. पण लामेचासुद्धा एक कान सोडतात, आई.”

ती ‘आई’ म्हणाली, हे मी ऐकलं. इलारियानेही ऐकलं असणार, कारण तिने मान खाली घातली आणि माझ्या मोकळ्या खांद्यावरून हात फिरवला.

“मग सांग,” ती म्हणाली. “तुझ्या घरचा रंग कोणता?”

डेल्फिनाने चाळणी खाली ठेवली. “नारिंगी. आत काळा डोळा. विचारायला वर्ष लावलंत.”

“लावलं,” इलारिया म्हणाली. “माझ्याच्याने घाई होत नाही.”

तायता कासिमिरो मोठ्याने हसला. डेल्फिना आत गेली आणि नारिंगी लोकरीचा गुंडा घेऊन आली. तो तिने इलारियाच्या हातात ठेवला. “तुम्हीच करा. तुमच्यासारखी घट्ट गाठ माझ्या हातून बसत नाही.”

आणि व्याह्यांच्या उंबऱ्यावर बसून इलारियाने तीन बोटं जुळवली. साठ वेढे, मधे गाठ, दातांनी ओढून. डेल्फिनाने किटली चढवली आणि वाफेवर गोंडे फुलवले. एकेक गोंडा तयार झाला की तायता तो उचलून बघायचा. “सातच हं. आठवा केलात तर मुलगी परत मागून घेईन.” संध्याकाळच्या आत ते सात गोंडे माझ्या डाव्या खांद्यावर बसले. तिसऱ्या दिवशी सण होता. पालोमाच्या शेजारी उभी राहून डेल्फिनाने लामांच्या कानांत गोंडे बांधले. साबास्ताने मला पाहिलं, दोन्ही खांदे नीट पाहिले आणि खिशातलं मीठ खिशातच ठेवलं.

लग्न झालं, मुलं झाली. माझी कोपरं दोनदा गेली आणि दोनदा ठिगळं लागली. इलारिया आता नाही. तिने बांधलेले चौदाही गोंडे अजून जागच्या जागी आहेत. त्यातला एकही सैल झालेला नाही.

गेल्या वर्षी डेल्फिनाच्या मुलाने घरी एक मुलगी आणली. ती मोठ्या शहरातली, वर्षभर राहून बघायला आलेली. डेल्फिनाने तिच्या साध्या हिरव्या स्वेटरवर गोंडे लावायला घेतले आणि दाभण हातात घेण्याआधी विचारलं, “तुझ्या घरचा रंग कोणता?”

मुलगी गोंधळली. “आमच्याकडे लामा नाहीत हो. रंगबिंग काही नाही आमचा.”

“असू दे,” डेल्फिना म्हणाली. “ठरला की सांग.”

मित्रांनो, माझ्यासारखा स्वेटर तुमच्या घरी असेल तर त्याला गरम पाण्यात बुडवू नका, सावलीत वाळवा आणि पेटीत ठेवताना त्यात वासाचा पाला घाला. बाकी माझं मागणं एकच आहे. कुणाला आपले रंग द्याल तेव्हा एक खांदा त्याला विचारून सजवा. आमच्या अंगणात दोरीवर माझ्या शेजारी हल्ली तो हिरवा स्वेटर वाळत असतो. त्याच्या उजव्या खांद्यावर सात गोंडे आहेत. डावा खांदा अजून मोकळा आहे, आणि डेल्फिना तो कुणाला हात लावू देत नाही.